गोष्ट सांगणारीची पात

आमच्या वाचनालयात पुस्तक परत करायला येणारी माणसं दोन प्रकारची. पहिल्या प्रकारात जवळजवळ सगळं गाव येतं. ही माणसं पुस्तक टेबलावर आपटतात, "काय राम न्हाय ह्याच्यात" म्हणून मोकळी होतात, आणि पहिल्या प्रकरणापुढचं एकही पान उघडलेलं नाही हे मला पुस्तकाकडं नुसतं बघून कळतं. दुसऱ्या प्रकारात एकटी सारजाकाकी. ती पदराआडून पुस्तक काढते, मागं कुणी उभं आहे का बघते, आणि कुणाच्या घरातून उचललेली वस्तू गुपचूप जागेवर ठेवावी तशी ते माझ्याकडं सरकवते. तिनं आजवर एक पुस्तक हरवलं नाही की उशिरा आणलं नाही. तरी चेहरा कायम चोरीचा.

मी स्वरूपा, कळंबची सून. लग्न होऊन आले तेव्हा गावच्या वाचनालयाला कुलूप होतं. ते मी भांडून उघडायला लावलं आणि तेव्हापासून मीच चालवते. ग्रंथपाल हा शब्द पाटीवर बरा दिसतो, पण झाडू मारण्यापासून फाटकी पानं चिकटवण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात आहे. सकाळी पुरुष मंडळी पेपर वाचायला येतात. वाचतात कमी आणि भांडतात जास्त. पुस्तकाचं पान दुमडलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं आणि मग समोर सरपंच असो नाहीतर सासरे, मी ऐकवून सोडते. लोक मला टरकून असतात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

सारजाकाकीच्या पुस्तकावर मात्र हळदीची बोटं असतात, कधी पिठाचा ठसा, एकदा तर पानात भुशाचं कुसळ सापडलं, आणि तिला मी कधी बोलले नाही. कारण तिच्यासारखं वाचणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

काकीच्या माहेरी मेंढरं होती. दिवाळी झाली की वाडा हलायचा, सगळं बिऱ्हाड घोड्यावर चढायचं आणि कोकणाच्या वाटेला लागायचं. ही एकटी मावशीकडं राहिली म्हणून सातवीपर्यंत शिकली. पुढं लग्न झालं, मेंढरं दोन्हीकडची विकली गेली. नवरा बिरदेव लोकांचे ट्रॅक्टर चालवतो, दारात दोन म्हशी आहेत, आणि काकी खुरपणीच्या टोळीत जाते. बिरदेवमामा इतका गरीब माणूस की त्यानं तिला कधी "वाचू नको" म्हटलेलं नाही. "वाच की, डोळं तुजं हायती," एवढंच म्हणायचा. पण धाक घरात नव्हता तरी काकीच्या मनात होता. दिवसाउजेडी धडधाकट बाईनं बसून पुस्तक वाचायचं, तेही कादंबरी, म्हणजे जणू कुणाचं तरी खाऊन टाकायचं. म्हणून ती कादंबरी भाकरीच्या टोपल्यात फडक्याखाली ठेवायची. म्हशीची पेंड भिजेपर्यंत दोन पानं, चुलीवर डाळ शिजेपर्यंत चार. भाकरी करपली की मामाला कळायचं, गोष्ट रंगात आलेली आहे. तो करपलेली भाकरी मुकाट्यानं खायचा आणि त्यामुळं काकीला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"वहिनी, मला ही खोड सुटंल का हो?" ती मला विचारायची.

"कशाला सुटायला पाहिजे?" मी डाफरायचे.

"तसं न्हाय. पर दारू पिनाऱ्याला बी आसंच वाटत आसंल." असं म्हणून ती नवं पुस्तक पदराखाली घालायची.

ह्या खोडीला प्रतिष्ठा मिळाली ती रानात. खुरपायला बायका एका ओळीत बसतात आणि प्रत्येकीच्या समोर रानाची एकेक पट्टी येते. तिला पात म्हणतात. आपली पात मागं पडली की ती मोठी लाजेची गोष्ट. पण आमच्याकडच्या टोळ्यांत एक रीत आहे. जी बाई गोष्ट सांगते तिची पात तिच्या दोन्ही बाजूच्या बायका निम्मी निम्मी ओढतात. तिनं खुरपं नावाला हलवायचं आणि तोंड चालवायचं. पूर्वी ह्या मानावर गावातल्या भानगडी सांगणाऱ्या बायकांचा हक्क होता. काकीनं एकदा सहज वाचलेल्या कादंबरीचं एक प्रकरण सांगितलं, दुसऱ्या दिवशी बायका "पुढं?" म्हणाल्या, आणि भानगडी सांगणाऱ्यांचा धंदा बसला. तेव्हापासून काकीच्या डाव्या हाताला कुशाबाई आणि उजव्या हाताला शकुबाई, अशी जागा ठरून गेली.

पुस्तकाचं नाव काकी कधी सांगायची नाही. नायिकेच्या नावानं ती पुस्तक ओळखते. सुलभाचं पुस्तक, त्या मास्तरणीचं पुस्तक, दोन जावांचं पुस्तक. आणि पुस्तक परत करायला आली की टोळीची मतं माझ्यापुढं ओतायची. ती मतं ऐकायची मी चातकासारखी वाट बघायचे, हे आता सांगायला हरकत नाही. पेपरातल्या परीक्षणांत कधी अशी मतं आली नाहीत.

"शकुमावशी म्हनत्यात, ह्या लेखकानं कवा चूल बघितल्याली न्हाय. बाई रडत बसली आन् तितंच दूध तापत हुतं, मग उतू का न्हाय गेलं?"

मी पुस्तक उघडून बघितलं. खरंच, नायिका पानभर रडत होती आणि दूध आपलं शहाण्यासारखं पातेल्यात.

"आणि तुमचं मत?"

"माजं मत, ती रडत नव्हतीच. तिला वाटत व्हतं की रडावं, पर येत नव्हतं. लेखकाला त्ये कळलं न्हाय."

ह्यावर आमचं भांडण. मी म्हणायचे लेखकानं लिहिलंय तेच खरं, त्याची बाई आहे. काकी म्हणायची, एकदा लिहून सोडली की ती त्याची कशी राहील? लेक नांदायला गेली म्हणजे बापाची राहती का? मी चिडून रजिस्टर आपटायचे, आणि घरी जाताना सबंध वाटेवर मला वाटायचं की तिचंच बरोबर असावं. कादंबरी वाचण्यात एक सुख आहे. पण वाचून झाल्यावर तिच्यावरून कुणाशी तरी कडाकडा भांडण्यात जे सुख आहे, त्याला तोड नाही. ते मला काकीनं दिलं.

गेल्या माघात काकीनं मालनचं पुस्तक नेलं. मालन नवऱ्याच्या संशयाला कंटाळून माहेरी येते, भावाच्या दारात राहते, आणि सगळं गाव तिला एकच विचारतं, की परत कधी जाणार. पुस्तक जाडजूड, प्रकरणं लहान. टोळीत रोज एक प्रकरण व्हायचं आणि त्यावरून दोन तट पडले होते. शकुबाईचा तट म्हणायचा, जावं तिनं माघारी, पुरुषाची जात, निवळंल हळूहळू. तरण्या सुना म्हणायच्या, अजिबात जाऊ नये, गेली तर आमी पुस्तक ऐकायचं सोडू. रोज दुपारी भाकरी खाताना ह्यावर रान दणाणून जायचं.

कुशाबाई मात्र मत द्यायची नाही. तिचं मत तिच्या घरात बसलेलं होतं.

कुशाबाई विधवा. एकुलती एक लेक छकुली, काटेवाडीच्या पुढच्या एका वस्तीवर दिलेली. घर बरं, पाण्याखालचं रान, दावणीला गाई. नवरा ऋतिक दिसायला देखणा, पण छकुली डेअरीला दूध घालायला गेली आणि यायला जरा उशीर झाला की वाटेत कोण भेटलं होतं ह्याची चौकशी. तिचा मोबाईल रोज रात्री त्याच्या उशाखाली. दिवाळीच्या आधी त्यानं तो मोबाईल भिंतीवर आपटला आणि मग तिच्यावर हात टाकला, तोही अंगणात, चारचौघांत. छकुली दिवाळीला माहेरी आली ती परत गेलीच नव्हती. आई तिला जा म्हणत नव्हती आणि राहा असंही म्हणत नव्हती. काय म्हणावं हे तिला समजत नव्हतं, बिचारीला. ती रोज संध्याकाळी हातपाय धुऊन लेकीजवळ बसायची आणि मालनची गोष्ट, दिवसभरात ऐकलेली, जशीच्या तशी तिला सांगायची. मायलेकी एकमेकींशी जे बोलू शकत नव्हत्या ते मालनबद्दल बोलायच्या.

हे काकीला ठाऊक होतं. सगळ्या टोळीलाच ठाऊक होतं.

शेवटचं प्रकरण सांगायचा दिवस आला. पुस्तकात शेवट असा आहे: मालन पिशवी घेऊन सासरच्या दारापर्यंत जाते, कडीला हात लावते, आतून नवऱ्याचा कुणावर तरी ओरडण्याचा आवाज ऐकते, आणि मागं फिरते. तालुक्याच्या गावात एक बंद पडलेली पिठाची गिरणी असते, ती चालवायला घेते. शेवटच्या पानावर ती पिठानं पांढरी झालेली, एकटी, गिरणीच्या दारात उभी आहे. मला तो शेवट फार आवडतो.

काकी सांगायला बसली. मालन दारापर्यंत पोहोचली. तेवढ्यात काकीची पात ओढता ओढता कुशाबाईनं मान वर केली आणि म्हणाली, "सारजा, आज संपंल ना गं? छकुली रोज इचारती, फुडं काय झालं. आज तिला शेवट सांगायचाय."

तिच्या तोंडाकडं बघून काकीची जीभ फिरली. तिनं मालनला कडी वाजवायला लावली. नवऱ्यानं दार उघडलं, त्याच्या डोळ्यांत पाणी. सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. नवऱ्यानं सगळ्यांसमोर मालनची माफी मागितली आणि मालन उजवा पाय पुढं टाकून आत गेली. काकीनं ते असं रंगवलं की शकुबाई पदर तोंडाला लावून रडली आणि तरण्या सुनासुद्धा, ज्या जाऊ नये म्हणत होत्या, त्या म्हणाल्या, बरं झालं बाई.

त्याच आठवड्यात छकुली सासरी गेली. कुणी न्यायला आलं नाही. तिनं स्वतःच पिशवी भरली आणि आईच्या पाया पडून एसटीत बसली. "हसत गेली माजी लेक," असं कुशाबाई गावभर सांगत होती. आणि पंधरवड्यानं तिनं सांगणं बंद केलं, कारण लेकीचा फोन लागत नव्हता. ऋतिकच्या फोनवर करावा तर "ती कामात हाय" म्हणून कट.

काकी मालनचं पुस्तक घेऊन आली तेव्हा वाचनालयात कुणी नव्हतं. पुस्तक तिनं नेहमीसारखं सरकवलं नाही. छातीशी धरून उभी राहिली आणि मला हे सगळं सांगितलं.

मला राग आला. लेखिकेचा शेवट बदलला म्हणून आधी आला, माझी जातच तशी, आणि मग छकुलीसाठी आला.

"का केलंत असं?"

"कुशाआक्काच्या तोंडाकडं बघवंना, वहिनी." मग ती म्हणाली, "आन् खरं सांगू का? निस्तं तेवढंच न्हाय. सांगताना मला लई गोड वाटलं. वाटलं, मीच लिवतीय. समद्या रडत व्हत्या आन् त्यांना मी रडवलं व्हतं. त्यातच माजी मती गेली. घरी गेले तर जेवान जाईना, पर त्या वक्ताला लई गोड वाटलं."

एवढं खरं बोलणाऱ्या बाईला काय बोलायचं? मी म्हणाले, "छकुली काय पुस्तकामुळं गेली असेल का काकी? माणसं अशी पुस्तक ऐकून जातात होय?"

"तुमीच म्हनता, पुस्तकानं मानूस बदलतं."

हे मी दर पंधरा ऑगस्टला वाचनालयाच्या कार्यक्रमात माईकवर म्हणते.

"मग मला काय सांगताय? कुशाबाईला सांगा," मी म्हणाले. "आणि त्याआधी त्या पोरीला बघून तरी या."

काकी दुसऱ्या दिवशी कामाचा खाडा करून काटेवाडीला गेली. तिकडं काय झालं ते तिनं मला त्याच रात्री, वाचनालयाच्या पायरीवर बसून सांगितलं. छकुलीच्या सासूनं चहा केला, पण छकुलीला आणि हिला दोघींना एकटं सोडीना. शेवटी धारांची वेळ झाली आणि छकुली गोठ्यात गेली, तशी काकी "बगू तरी तुमच्या गाया" म्हणत मागोमाग. गाईच्या पोटाआड बसून दोघी बोलल्या. छकुलीच्या मनगटावर काळंनिळं होतं. मोबाईल काढून घेतलेला. डेअरीला जाणंही बंद केलेलं.

"छकुले, माजं चुकलं," काकी म्हणाली. "त्या मालनचा शेवट तसा न्हाय. ती माघारी गेल्यालीच न्हाय."

छकुली धार काढत होती. तिनं वर बघितलं नाही. "मला ठावं हाय काकी. मी वाचलाय शेवट."

"कवा?"

"तुमी धारा काढत व्हता, आन् मी इरजन न्यायला आल्ते. टोपल्यात पुस्तक दिसलं. आईनं सांगायच्या आधी मला कळावं म्हनून मागची पानं वाचली. लई बरं वाटलं वाचून. ती गिरनी, त्ये पीठ. म्हनलं, आता उंद्या आई ह्येच सांगंल आन् मग मी तिला म्हनंल, आई, मला बी न्हाय जायाचं."

"मग?"

"मग आईनं दुसराच शेवट सांगितला." छकुलीचा हात थांबला. "मला वाटलं, आईनंच फिरवला. मला घालवायसाठी. तोंडानं जा म्हनता येत न्हाय म्हनून पुस्तकातून म्हनली. मग म्हनलं, तिला मी जड झालेय, तर कशाला ऱ्हावा."

तेव्हा काकीला कळलं. आपण एका आईच्या तोंडात आपलं खोटं घातलं आणि लेकीनं ते आईचं मन समजून घेतलं. तिनं छकुलीचा हात धरला आणि म्हणाली, आईनं न्हाय, शेवट मी फिरवला, आत्ताच्या आत्ता चल, मी नेते. छकुलीनं हात सोडवला.

"तुमच्या सांगन्यावरून कशी येऊ काकी? तुमी आता बी गोडच सांगत असाल तर? आई म्हनली 'ये', तर येते."

मी म्हणायचं ते छकुलीच म्हणून बसली होती.

दुसऱ्या दिवशी टोळी आमच्याच रानात होती. उन्हाळी भुईमूग, रस्त्याकडेचं वावर. मी चहाची किटली घेऊन बांधावर बसले होते. खरं म्हणजे चहा हे निमित्त होतं. बायका ओळीनं बसल्या. काकी म्हणाली, "आज गोष्ट सांगायची हाय." नेहमीच्या सवयीनं कुशाबाईनं आणि शकुबाईनं तिच्या पातीकडं हात वळवले.

"माजी पात कुनी वढू नका," काकी म्हणाली.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. काकी खाली मान घालून खुरपत होती, स्वतःचं स्वतः, आणि खुरपता खुरपताच बोलत होती.

"मालन दारापतुर गेली. कडीला हात लावला. आतनं नवरा वरडत हुता. ती माघारी फिरली. तालुक्याला गेली. गिरनी चालवली. पुस्तकात आसं हाय. मी सांगितलं त्ये खोटं हुतं."

मग शकुबाई म्हणाली, "म्हंजी आमी रडलो त्ये फुकटच?" तिचा आवाज खरोखर दुखावलेला होता. गोष्ट सांगणारीवर ह्या बायका इतका विश्वास टाकतात की तिचं रान स्वतःच्या हातानं ओढतात. तो विश्वास भर रानात खाली पडला होता आणि काकीलाच तो उचलून दाखवायचा होता.

"व्हय मावशी. फुकट. मला तुमचं रडनं गोड लागलं." काकीनं खुरपं खाली ठेवलं आणि कुशाबाईकडं वळली. "आक्का, छकुलीनं खरा शेवट वाचला हुता. माज्या घरी. तिला वाटलं, तू फिरवलास. तिला घालवायला. म्हनून गेली ती. हसत न्हाय गेली. तिचं मनगाट मी काल बघून आले."

कुशाबाईनं हातातलं तण बांधाकडं भिरकावलं. मला वाटलं आता ही काकीच्या अंगावर धावून जाणार. तसं झालं असतं तर बरं, काकीलाही ते बरं वाटलं असतं. पण कुशाबाईनं विचारलं ते भलतंच.

"त्या मालनला आय नव्हती का गं?"

"न्हाय. भाऊ हुता. आय ल्हानपनीच मेल्याली."

"मग बरुबर हाय," कुशाबाई म्हणाली. "तिला गिरनीतच जावं लागंल. माज्या लेकीची आय जिती हाय अजून."

ती उठली. खुरपायला जाताना बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात, तो अंगावर तसाच, हाताला माती तशीच. चपला बांधावर होत्या, त्या पायात सरकवल्या आणि रस्त्याला लागली. बारामतीकडं जाणाऱ्या एसटीला तिनं हात केलेला आम्ही सगळ्यांनी बघितला. काकीकडं तिनं एकदाही वळून बघितलं नाही.

तिची पात तशीच राहिली होती, निम्म्यावर. काकी सरकून दोन्ही पातींच्या मध्ये बसली आणि दोन्ही एकदम ओढायला लागली. एक हात इकडं, एक हात तिकडं. टोळी पुढं निघून गेली, ही एकटी मागं. मी न राहवून उठले. मला खुरपं नीट धरता येत नाही, पण बसवेना. शकुबाई लांबूनच ओरडली, "बसा तुमी वहिनी. ती तिची हाय." मी बसले. चहा गार झाला. काकीनं उन्हं उतरेपर्यंत दोन्ही पाती बांधाला नेल्या आणि एकदाही पाणी प्यायला उठली नाही.

बायका घरी जायला निघाल्या तेव्हा बारामतीकडून आलेली एसटी फाट्यावर थांबली. आधी कुशाबाई उतरली, मग छकुली, मग एक पिशवी. काकी बांधावर उभी होती. कुशाबाईनं रानाकडं नजर टाकली, आपली पात शेवटपर्यंत गेलेली बघितली, आणि लेकीला हाताला धरून घरी घेऊन गेली. काकी घरी जाताना सबंध वाटेवर रडत होती आणि मी तिच्याबरोबर होते, पण मी तिची समजूत काढली नाही. आणि काढावी असंही वाटलं नाही, हेही खरं.

त्यानंतर काकीनं वाचनालयात येणं बंद केलं. मी दोन नव्या कादंबऱ्या घरी पाठवल्या, त्या तशाच परत आल्या. बिरदेवमामाला रोज नीट भाजलेल्या भाकरी मिळायला लागल्या, आणि तो एक दिवस वाचनालयाच्या दारात येऊन म्हणाला, "वहिनीसाब, तिला यखादं पुस्तक द्या हो. घर खायला उठतंय."

तोडगा छकुलीनं काढला. ती आता आईबरोबर टोळीत जाते. ऋतिकची माणसं दोनदा येऊन गेली, तिसऱ्यांदा आली तर काय होईल ते कुशाबाई दाराच्या आत उभी राहून ठरवते. तर छकुली एक दिवस आली आणि माझ्याकडून एक कादंबरी घेऊन गेली, आणि दुपारी भाकरी खाताना ती तिनं सारजाकाकीच्या मांडीवर ठेवली. "सांगू नका," म्हणाली. "वाचून दाखवा."

आता तसंच चालतं. पात कुणी कुणाची ओढत नाही. जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली बसून काकी पुस्तक उघडते आणि लिहिलंय ते मोठ्यानं वाचते. बायका पहिल्यासारख्याच भांडतात, शकुबाईचं लेखकांशी अजून पटत नाही, आणि ती सगळी मतं काकी माझ्याकडं घेऊन येते. मी पण भांडते. फक्त एकदा तिनं वाचताना एका वाक्यावर मान हलवली आणि म्हणाली, "हितं आसं नको हुतं," आणि लगेच जीभ चावून पुढं वाचायला लागली.

परवा मी त्यांच्यात जाऊन बसले होते. प्रकरण संपलं. काकी थांबली, पण पुस्तक मिटलं नाही. बोट ओळीवर ठेवून तशीच बसली. कुशाबाईनं भाकरीचं फडकं बांधता बांधता, काकीकडं न बघता, लेकीला विचारलं, "आसंच लिवलंय का गं?"

छकुली काकीच्या खांद्यावरून वाकली. पानावरून नजर फिरवली.

"आसंच हाय, आई."

मग काकीनं पुस्तक मिटलं.